गाडी उभी करणे वेगळे, बिऱ्हाड मांडणे वेगळे : युरोपात मोटरहोमचा रात्रीचा मुक्काम

युरोपात मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरायचे ठरले की पहिला प्रश्न हाच येतो, की रात्री गाडी लावायची कुठे. फिरून आलेल्या मंडळींकडून याची दोन टोकांची उत्तरे ऐकायला मिळतात. काहीजण सांगतात की तिकडे कुठेही गाडी लावून झोपावे, कोणी हटकत नाही. तर काहीजण ठामपणे सांगतात की कॅम्पसाइट सोडून गाडीत झोपणे हा गुन्हाच आहे. दोन्ही उत्तरे कोणत्या ना कोणत्या देशापुरती खरी असतात आणि सीमा ओलांडताच खोटी ठरतात. या बाबतीत साऱ्या युरोपाला लागू होणारा एकच नियम अस्तित्वात नाही. देशाचा कायदा, त्याखाली प्रांताचा आणि त्याखाली गावच्या नगरपालिकेचा अशी उतरंड असते, आणि रात्री अकराला खिडकीवर टकटक होते ती बहुधा सर्वांत खालच्या पायरीवरच्या नियमामुळे.

तरीही या उतरंडीतून वाट काढता येते, कारण बहुतेक देशांचे नियम एकाच भेदावर उभे आहेत. गाडी उभी करणे ही एक गोष्ट आणि तिथे बिऱ्हाड मांडणे ही दुसरी. उभ्या केलेल्या गाडीच्या आत माणूस जागा आहे, जेवतो आहे की झोपला आहे, याच्याशी अनेक देशांत वाहतूक कायद्याला कर्तव्य नसते. मात्र ऑनिंग, म्हणजे बाजूला ओढून काढायचे कापडी छप्पर, उघडले, खुर्च्या बाहेर आल्या, टेकू जमिनीला लागले किंवा भांड्यांचे पाणी रस्त्यावर सुटले, की त्याच गाडीची गणना मुक्कामाच्या तळात होते आणि तिला कॅम्पिंगचे नियम लागतात. आमच्या पहिल्या सफरीत जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावी आम्ही वाहनतळावर दोन खुर्च्या बाहेर काढून चहा घेत बसलो होतो. गावच्या कर्मचाऱ्याने अतिशय सौम्यपणे सांगितले की गाडी रात्रभर राहू द्या, खुर्च्या मात्र आत घ्या. त्या एका वाक्यात सगळा कायदा आला होता, हे आम्हाला पुढे वाचन केल्यावर समजले.

भेद सर्वांत स्पष्ट कुठे लिहिला आहे

हा भेद सर्वांत नेमकेपणाने इटलीच्या वाहतूक संहितेत सापडतो. तिच्या १८५व्या कलमानुसार मोटरहोमला पार्किंगच्या बाबतीत इतर वाहनांचेच नियम लागू होतात आणि तीन अटी पाळल्यास तिचे उभे राहणे कॅम्पिंग ठरत नाही. गाडी चाकांखेरीज दुसऱ्या कशानेही जमिनीवर टेकलेली नसावी. इंजिनाच्या धुराखेरीज तिच्यातून दुसरे काही बाहेर पडू नये. आणि गाडीच्या स्वतःच्या आकारापेक्षा अधिक जागा तिने व्यापू नये. या तिसऱ्या अटीचा अर्थ पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोटरहोमच्या खिडक्या बहुधा वर बिजागरी असलेल्या आणि बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या असतात, म्हणून त्या पूर्ण उघड्या ठेवणे किंवा चढायची पायरी रात्रभर बाहेर ठेवणे हेसुद्धा टाळलेले बरे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की सशुल्क वाहनतळावर मोटरहोमला मोटारीच्या दीडपट दर लागतो. त्यामुळे यंत्राने जास्त पैसे मागितले तर फसवणूक झाली असे समजू नये.

इटलीत खरी अडचण मुक्कामापेक्षा वाटेतच येते. फ्लॉरेन्स, रोम, पिसा अशा शहरांच्या जुन्या भागांत ‘झेड टी एल’ या अक्षरांचा फलक दिसतो. त्या हद्दीत परवान्याशिवाय वाहन नेण्यास मनाई असते आणि तेथे पोलीस नव्हे तर कॅमेरा पहारा देतो. वाट चुकून आत गेले तरी दंड होतो, त्याचे पत्र काही महिन्यांनी घरी येते, आणि भाड्याने गाडी देणारी कंपनी तुमचा पत्ता कळवल्याबद्दल वेगळे शुल्क आकारते. शहराबाहेरच्या ‘आरेआ दि सोस्ता’ नावाच्या मोटरहोमच्या तळावर गाडी ठेवून बसने किंवा रेल्वेने आत जाणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

स्पेनचे वाहतूक महासंचालनालय याच विचाराने चालते. २०२३ साली त्याने आपली मोटरहोमविषयीची जुनी सूचना नव्याने काढली. योग्य रीतीने उभ्या केलेल्या मोटरहोममध्ये माणसे असणे हा वाहतुकीच्या दृष्टीने अपराध नाही, बाहेर पसारा मांडणे हा आहे. पण स्पेनमध्ये समुद्राचा मोह सर्वांनाच पडतो आणि तिथे वेगळाच कायदा आड येतो. १९८८ च्या किनारा कायद्याने पुळणीवर वाहन उभे करणे आणि तळ टाकणे दोन्ही निषिद्ध केले आहे. त्यामुळे पुळणीला लागून दहा गाड्या उभ्या दिसल्या म्हणून अकरावी आपली लावू नये. दहांना दंड झाला की अकराव्यालाही होतो.

फ्रान्स : जिथे गावच यजमान होते

मोटरहोमने पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी नेहमी फ्रान्सपासून सुरुवात करायला सांगतो, कारण या प्रवासप्रकाराला इतका मनापासून थारा देणारा दुसरा देश मी पाहिलेला नाही. शेकडो लहान गावांनी आपापल्या खर्चाने ‘एर’ नावाचे तळ बांधले आहेत. एखादी शाळेमागची मोकळी जागा, एखादा नदीकाठ, एखाद्या जुन्या रेल्वेस्थानकाचे आवार. अनेक ठिकाणी मुक्काम फुकट असतो, इतरत्र रात्रीचे साधारण पाच ते पंधरा युरो पडतात. जवळच एक खांब असतो; त्यातून पिण्याचे पाणी मिळते आणि त्याच्या बाजूला सांडपाणी व शौचालयाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी मैल्याची टाकी, रिकामी करण्याची सोय असते. काही खांब नाणी घेतात, काही कार्ड, तर काहींना ‘जतों’ नावाचे टोकन लागते आणि ते गावच्या बेकरीत, तंबाखूच्या दुकानात किंवा पर्यटन कार्यालयात मिळते. गावाचा हिशेब सरळ असतो : तुम्ही रात्री राहिलात तर सकाळी पाव त्यांच्याच बेकरीतून घ्याल. तो हिशेब आपण खरा करावा असे मला फार वाटते.

एर सोडून साध्या रस्त्यावर उभे राहायचे असेल तर फ्रान्समध्ये मोटरहोमला मोटारीचेच पार्किंगचे नियम लागतात आणि एकाच जागी सलग सात दिवसांहून अधिक काळ उभे राहणे बेकायदा ठरते. गावचा मेयर याहून कमी मुदत ठरवू शकतो आणि ठराविक जागी मोटरहोमना मनाईही करू शकतो. तसा फलक तिथे लावलेला असतो. समुद्रकिनाऱ्याजवळच्या वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटर उंचीचा आडवा दांडा दिसला तर तो फलकाइतकाच बोलका समजावा. कॅम्पिंगवर, म्हणजे बिऱ्हाड मांडण्यावर, मात्र समुद्रकिनारी, संरक्षित स्थळांच्या परिसरात आणि पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवाभोवती २०० मीटरच्या आत बंदी आहे.

फ्रान्समध्ये आणखी एक सोय आहे आणि ती मला एरपेक्षाही प्रिय आहे. ‘फ्रान्स पॅशन’ या नावाने १९९३ पासून एक जाळे चालते. द्राक्षबागायतदार, चीज करणारे, मध काढणारे शेतकरी आपल्या आवारात मोटरहोमला एक रात्र, फार तर २४ तास, विनामूल्य राहू देतात. त्यासाठी वर्षाचे सभासदत्व घ्यावे लागते आणि गाडीवर त्या वर्षाची चिकटपट्टी लावावी लागते. खरेदीची सक्ती नसते. पण पोहोचल्यावर आधी यजमानाला भेटून नमस्कार करणे आणि निघताना निरोप घेणे अपेक्षित असते. गाडीत पाणी, वीज आणि शौचालय आपले स्वतःचे असले पाहिजे, कारण तिथे जागेखेरीज काही मिळेल असे गृहीत धरलेले नाही. जर्मनीत ‘लांडफेरग्न्यूगन’ नावाचे असेच जाळे आहे.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया : एका रात्रीची विश्रांती

जर्मनीत कायद्याचा मान्य झालेला अर्थ असा आहे की चालकाला गाडी चालवण्याजोगा विसावा मिळावा म्हणून, जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे, एक रात्र गाडीत झोपता येते. यातला ‘एक’ हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्या रात्री त्याच जागी राहिलात तर तो विसावा न राहता मुक्काम होतो. फलकही नीट वाचावे लागतात. पार्किंगच्या निळ्या फलकाखाली मोटारीचे चित्र असलेली छोटी पाटी असेल तर ती जागा फक्त मोटारींसाठी आहे आणि मोटरहोमला तिथे उभे राहता येत नाही. पदपथावर चाके चढवून उभे राहण्याची मुभा देणारा जो फलक असतो, तो २.८ टनांपर्यंतच्या वाहनांसाठीच असतो. बहुतेक मोटरहोम त्याहून जड असतात.

मात्र जर्मनीत या तरतुदीवर अवलंबून राहण्याची वेळ क्वचितच येते, कारण ‘श्टेलप्लात्झ’ नावाचे तळ देशभर हजारोंनी आहेत. मोझेल नदीच्या काठी तर द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी जवळजवळ प्रत्येक गावात एक सापडतो. कुठे यंत्रात पैसे भरायचे असतात, कुठे संध्याकाळी गावचा माणूस येऊन घेऊन जातो. विजेसाठी एकेक नाणे टाकायचे मीटर असतात, म्हणून सुट्या युरोंची एक पुरचुंडी गाडीत कायम ठेवावी. श्टेलप्लात्झवर आरक्षण बहुधा नसते. जो आधी येईल त्याला जागा. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पोहोचण्याचा बेत ठेवला तर सहसा निराशा होत नाही. कॅम्पसाइटवर जायचे असेल तर मात्र दुपारी एक ते तीनची वेळ टाळावी. त्या वेळी अनेक जर्मन कॅम्पसाइट वामकुक्षीसाठी फाटक बंद ठेवतात.

ऑस्ट्रियात एका रात्रीच्या विसाव्याची हीच कल्पना सर्वसाधारणपणे चालते, पण व्हिएन्ना शहर, तिरोल प्रांत आणि संरक्षित निसर्गक्षेत्रे तिला अपवाद आहेत. गंमत म्हणजे बहुतेक पर्यटक ऑस्ट्रियातून जातात ते तिरोलमधूनच, म्हणून ‘ऑस्ट्रियात चालते’ एवढे ऐकून निघू नये. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक कँटन, म्हणजे प्रांत, आणि प्रत्येक गाव आपापले ठरवते. तिथे कॅम्पसाइट किंवा नेमून दिलेला तळ शोधणेच सोयीचे.

जिथे मर्यादा घड्याळात मोजली आहे

पोर्तुगालची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथला नियम एकाच वर्षात दोनदा बदलला आणि जुनी माहिती अजून फिरत असते. २०२१ च्या जानेवारीत नेमलेल्या जागा सोडून सर्वत्र मोटरहोममध्ये रात्र काढण्यावर बंदी आली. त्यावर बरीच नाराजी व्यक्त झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा कायदा करून ती शिथिल करण्यात आली. आता रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात माणसे आत असलेली मोटरहोम उभी असणे, अशी ‘रात्रीच्या मुक्कामा’ची व्याख्या आहे. नातुरा २००० या जाळ्यातील क्षेत्रे, इतर संरक्षित क्षेत्रे आणि किनारपट्टीच्या आराखड्यात येणारा भाग सोडून इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास असे राहता येते, अर्थात स्थानिक मनाई नसेल तर. दक्षिण किनाऱ्यावरच्या आल्गार्व्हेचा कडा ज्यांनी चित्रात पाहिला आहे, त्यांना नेमका तिथेच मुक्काम हवा असतो आणि नेमका तिथेच तो चालत नाही. आत दहा-पंधरा किलोमीटरवर गेले की चांगले तळ मिळतात.

क्रोएशिया आणि स्लोव्हेनियात या बाबतीत घासाघीस नाही. कॅम्पसाइट किंवा अधिकृत तळ सोडून गाडीत झोपणे मना आहे आणि समुद्रकिनारी तपासणी खरोखर होते. ग्रीसमध्ये पूर्वी कायदा कडक आणि अंमल सैल असे, त्यामुळे ‘ग्रीसमध्ये कोणी काही म्हणत नाही’ हे वाक्य अजून ऐकू येते. २०२५ च्या कायद्याने पुरातत्त्वीय स्थळे, समुद्रकिनारे, जंगलांच्या कडा आणि सार्वजनिक जागा यांवरची बंदी नव्याने घट्ट केली असून दंड ३०० युरोंचा आहे. नेदरलँड्समध्ये जवळजवळ सर्व नगरपालिकांच्या नियमांनुसार कॅम्पसाइट किंवा मोटरहोमचा नेमलेला तळ याबाहेर रात्र काढता येत नाही. आइसलँडने २०१५ च्या अखेरीपासून जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कॅम्पसाइटबाहेर गाडीत झोपण्यास मनाई केली आहे.

उत्तरेतला गैरसमज

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये निसर्गात मुक्तपणे वावरण्याचा परंपरागत हक्क सर्वांना आहे, आणि तोच हक्क आपल्या मोटरहोमलाही आहे असे समजून पुष्कळ प्रवासी चुकतात. तो हक्क पायी चालणाऱ्याचा, तंबू ठोकणाऱ्याचा, वल्हवणाऱ्याचा आहे. चाकांचा आणि इंजिनाचा नव्हे. दोन्ही देशांत रस्ता सोडून मोकळ्या रानात गाडी घालण्यास कायद्याने मनाई आहे. नॉर्वेत १९५७ च्या कायद्यानुसार तंबू वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर असावा लागतो आणि दोन रात्रींहून अधिक राहण्यासाठी बहुतेक ठिकाणी मालकाची परवानगी लागते. मोटरहोमने रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत उभे राहतानाही घरांपासून हे अंतर पाळावे. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर पर्यटकांची गर्दी वाढल्यामुळे गावोगावी मनाईचे फलक लागले आहेत आणि ते मनावर घ्यावेत. स्वीडनमध्ये, फलकावर वेगळे काही लिहिले नसेल तर, सार्वजनिक रस्त्यावर किंवा विश्रांतिस्थळावर कामाच्या दिवशी सलग २४ तासांपर्यंत गाडी उभी करता येते. त्यामुळे प्रवासातल्या एका रात्रीची सोय सहज होते.

स्कॉटलंडमध्येही हाच गैरसमज आहे. २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने मोकळ्या जागी फिरण्याचा व्यापक हक्क दिला, पण मोटार वाहने त्यातून वगळली. उत्तरेकडच्या अरुंद, एकपदरी रस्त्यांवर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी ज्या फुगीर जागा ठेवलेल्या असतात, तिथे मुक्काम तर नाहीच, जेवणासाठीही थांबू नये; रुग्णवाहिकेला तीच एक जागा असते. इंग्लंडमध्ये गाडीत झोपण्यावर देशव्यापी बंदी नाही, पण जमीन नेहमी कोणाची तरी असते आणि बहुतेक सार्वजनिक वाहनतळांवर रात्री झोपण्यास मनाईचा फलक असतो. मोटरवेवरच्या सेवाकेंद्रात दोन तास फुकट मिळतात, पुढे पैसे भरावे लागतात.

साडेतीन टनांची रेघ

मोटरहोमच्या बाबतीत युरोपात ३.५ टन हा आकडा सतत आडवा येतो. युरोपीय ‘बी’ वर्गाच्या, म्हणजे साध्या मोटारीच्या, परवान्याची मर्यादा तीच. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, झेकिया येथे महामार्गाची व्हिन्येट म्हणजे ठराविक मुदतीचा पथकर तिथपर्यंतच चालतो. त्याहून जड गाडीला ऑस्ट्रियात पथकर मोजणारे खास यंत्र बसवावे लागते आणि स्वित्झर्लंडमध्ये अवजड वाहनांचा वेगळा कर भरावा लागतो. ऑस्ट्रियाची व्हिन्येट असली तरी इटलीकडे जाणाऱ्या ब्रेनर खिंडीच्या महामार्गाचा पथकर निराळा असतो, हेही लक्षात ठेवावे. फ्रान्समध्ये टोलचा वर्ग उंची आणि वजन पाहून ठरतो. तीन मीटरच्या आतील आणि ३.५ टनांपर्यंतची गाडी दुसऱ्या वर्गात बसते, त्यापुढे दर चढतो. शिवाय २०२१ पासून तिथे ३.५ टनांवरील वाहनांना, मोटरहोमसह, चालकाला न दिसणाऱ्या बाजू दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या लावणे सक्तीचे आहे.

भाड्याने मिळणाऱ्या गाड्या बहुधा या रेघेच्या आतल्याच असतात, पण त्या रिकाम्या असताना. चार माणसे, त्यांच्या बॅगा, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, दोन सायकली, गॅसची टाकी आणि आठवड्याचे वाणसामान एवढ्याने रेघ सहज ओलांडली जाते, आणि दंड चालवणाऱ्याला होतो, गाडीच्या मालकाला नव्हे. गाडी ताब्यात घेताना नोंदणीपत्रावरचे रिकामे वजन व कमाल वजन पाहून घ्यावे आणि भरल्यावर एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावी. पाणी नेहमी टाकीच्या तृतीयांशाइतकेच भरून निघावे, कारण पुढच्या तळावर ते मिळतेच. गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन मीटर व टनांत एका कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावे. मोटारीसाठी बनवलेला नकाशा तीन मीटर उंचीच्या गाडीला ठेंगण्या पुलाखाली नेऊन उभे करतो आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असताना टेप काढून मोजत बसता येत नाही.

इटली आणि स्पेनमध्ये मागे सायकली लावल्या असतील तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा परावर्तक फलक त्यांवर बांधावा लागतो. फ्रान्स आणि जर्मनीतल्या अनेक शहरांत प्रदूषणानुसार वर्गवारी दाखवणारी चिकटपट्टी लागू शकते. दोन्ही देशांची पट्टी वेगळी. जर्मनीत घेतलेल्या गाडीवर फ्रान्सची पट्टी आहे का, हे गाडी घेतानाच विचारावे.

पाणी, कॅसेट आणि शेजारी

मोटरहोममध्ये दोन प्रकारचे सांडपाणी साठते. भांड्यांचे व अंघोळीचे एका टाकीत, आणि शौचालयाचे एका काढता येणाऱ्या कॅसेटमध्ये, जिची क्षमता साधारण १७ ते २० लिटर असते. कॅसेट फक्त तिच्यासाठी केलेल्या कुंडातच रिकामी करायची. पावसाच्या गटारात ती ओतली की ते पाणी शुद्ध न होता थेट नदीत जाते, आणि एखाद्या गावाने तळ बंद करण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आपल्याकडे शौचाला पाणी वापरण्याची सवय असते. त्यामुळे चार माणसांच्या कुटुंबाची कॅसेट दीड दिवसातच भरते, हे गृहीत धरून मुक्काम ठरवावेत. पिण्याच्या नळाला कॅसेट कधीही धुऊ नये. त्यासाठी वेगळा नळ असतो आणि तो बहुधा वेगळ्या बाजूला असतो.

कॅम्पसाइटवर विजेसाठी निळा, तीन खुंट्यांचा प्लग लागतो. पुरवठा कुठे ६ अँपिअरचा तर कुठे १६ चा असतो. ६ अँपिअरवर विजेची किटली आणि हीटर एकाच वेळी लावले की खटका पडतो, आणि तो वर करण्यासाठी रात्री कॅम्पसाइटच्या माणसाला उठवावे लागते. वायर गुंडाळीतून पूर्ण सोडून वापरावी, अन्यथा ती तापते.

भारतातून निघण्यापूर्वी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि तो मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. भारतातील हलक्या वाहनाचा परवाना साडेसात टनांपर्यंत चालतो म्हणून युरोपात मोठी गाडी मागू नये, ३.५ टनांच्या आतच राहावे. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, मुक्कामाचा पुरावा मागतात, तेव्हा मोटरहोमचा भाडेकरार आणि रद्द करता येतील अशी कॅम्पसाइटची आरक्षणे जोडावीत, आणि ज्या देशात सर्वाधिक रात्री असतील त्याच्याकडे अर्ज करावा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मर्यादा असते.

एकाच प्रवेशाचा व्हिसा असणाऱ्यांनी दुब्रोव्हनिकची वाट आधी पाहून ठेवावी. क्रोएशियाचा किनारा नेउम या गावाजवळ बोस्नियामुळे तुटतो आणि क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये असल्याने तिथून जाणे म्हणजे शेंगेनबाहेर पडणे होय. २०२२ च्या जुलैमध्ये खुल्या झालेल्या पेल्येशात्स पुलावरून गेले तर सीमा ओलांडावी लागत नाही. भाडेकरारात कोणत्या देशांत गाडी नेण्याची परवानगी आहे तेही वाचावे. आणि शिधा बांधताना तूप, पेढे, पनीर घरीच ठेवावे. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे.

रात्र

जागा निवडताना महामार्गावरची विश्रांतिस्थळे, विशेषतः दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमधली, झोपण्यासाठी टाळावीत. तिथे चोऱ्या होतात आणि महामार्ग सोडून दहा मिनिटे आत गेले की शांत गाव मिळते. गाडी तोंड बाहेर करून लावावी, पुढची आसने सामानाने अडवू नयेत आणि किल्ली ठरलेल्या जागी ठेवावी. चालवणाऱ्याने, निदान अधिकृत तळाबाहेर असताना, मद्य घेऊ नये. रात्री पोलिसांनी गाडी हलवायला सांगितली आणि चालक प्यायलेला असेल, तर हलवणेही बेकायदा आणि न हलवणेही. रक्तातील मद्याची मर्यादा फ्रान्स, जर्मनी आणि इटलीत लिटरला ०.५ ग्रॅम, नॉर्वे व स्वीडनमध्ये ०.२, आणि झेकिया व हंगेरीत शून्य आहे.

टकटक झालीच तर आतला दिवा लावावा, खिडकीतून बोलावे, ओळखपत्र पाहावे आणि वाद न घालता विचारावे की जवळ कुठे उभे राहता येईल. माझ्या अनुभवात या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी मिळते, आणि एकदा तर पोलिसांची गाडी पुढे राहून आम्हाला तळापर्यंत सोडून आली होती. दंड झाला तर लेखी पावती घ्यावी आणि तिच्यावर जागा, वेळ व कलम लिहिले आहे ना ते तिथेच तपासावे. पावतीचे छायाचित्र काढून त्याच रात्री भाड्याच्या कंपनीला पाठवावे, म्हणजे तोच दंड पुढे पुन्हा वसूल झाल्यास हातात पुरावा राहतो.